टाकीभर चालवू द्या

क्वालालंपूर, मलेशिया
१२ नोव्हेंबर २०२४

काकी, जय सेवालाल!

पोचली. विमानात कान बंद झाले, उतरल्यावर उघडले, बाकी सारं ठीक. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवून राह्यली, कारण निघताना तूच सांगतलं होतं, "फोनवर काही बोलू नको. आपल्या तांड्यात स्पीकरवर टाकल्याशिवाय कोणाले ऐकूच येत नाही. मले काय सांगायचं ते लिहून सांग." तर हे लिहून.

आमची टीम साऱ्या बायांची आहे. मलेशियाची फराह, थायलंडची निन, फिलिपिन्सची जोसेलिन अन् मी. आमच्यावर लिम मॅडम. उंचीनं माह्या खांद्याएवढ्या, पण त्या बोलल्या की मिस्त्री लोकांच्या हातातले पाने जागच्या जागी थांबतात. शर्यत आठ डिसेंबरले, नऊ तासांची. गाडी एकच. पाळीपाळीनं चालवायची, मधात पेट्रोल भराले अन् ड्रायव्हर बदलाले थांबायचं, अन् नऊ तासांत जो जास्त चकरा मारन तो जिंकला.

माह्या मायले, याडीले, जरा समजावून सांग. निघताना ती म्हणे, "नऊ तास गाडी चालवून पोचायचं कोठी, तर जिथून निघाली तिथंच! त्यापेक्षा नागपूरले जाऊन परत येणं होते."

पुण्यात कंपनीच्या नव्या गाड्या दिवसभर ट्रॅकवर फिरवून तपासायची नोकरी अन् कोईमतूरच्या दोन शर्यती, एवढ्या शिदोरीवर ह्या लोकांनी मले बोलावलं, हे खरंच वाटत नाही. गाडी आमची हळदीसारखी पिवळी आहे, नंबर ४४. मी मजेत आहे. शर्यतीत चालवणार आहे. काळजी करू नको.

तुही,
उज्ज्वला

———

धनूनायक तांडा, ता. दिग्रस
१४ नोव्हेंबर

उज्ज्वले,

पत्र भेटलं. फोटो मोठा करू करू वाचला. अक्षर सुधार बापा! पाचवीत होती तवा याच्यापेक्षा बरं होतं.

अथी कापूस जोरात निघून राह्यला. दिवसाआड एक खेप दिग्रसच्या जिनिंगले. तुहे काका बाजूच्या सीटवर बसून मले गाडी शिकवते. त्याइचे डोळे अधू झाले तवापासून, अकरा वर्सं झाले, पिकअपचं स्टेरिंग माह्या हातात हाये, पण "हंसा, खड्डा!" म्हणाचं काई सोडलं नाई त्याइनं. मले खड्डा दिसते. त्याइलेच दिसत नाई, अन् सांगते मले.

आता खुशीची गोठ ऐक. मी साऱ्या तांड्याले सांगून टाकलं. रूपसिंग नायकानं उभ्या उभ्या ठरवलं का आठ तारखेले मंदिराच्या हालमंदी मोठा टीव्ही लावाचा अन् फोन जोडून शर्यत दाखवाची. दिग्रसचा डेकोरेशनवाला टीव्ही देऊन राह्यला. बाया म्हणते, पहाटेच स्वयंपाक आटपून येऊ. कापूस येचाले त्या दिवशी सुट्टी! ह्या सीझनमंदी! तुह्या लग्नाले बी कोणी दिली नसती.

काल तुही याडी भाकर थापता थापता हळूच विचारे, तथी वरण-भात भेटते का म्हणून. मी म्हटलं, भेटते. आता खरं काय ते तू सांग.

अन् एक. वळणाच्या मोडीवर गाडी कशी बसते? गियर कडक हाये का नरम? पत्रात साऱ्या दुनियेचं लिहिलं, गाडीचं काईच नाई लिहिलं.

काकी

———

क्वालालंपूर
१९ नोव्हेंबर

काकी,

वरण नाही, पण भात भेटते. खोबऱ्याच्या दुधात शिजवतात, बाजूले सुकी मासोळी अन् असा तिखट ठेचा की आपल्या भिवापुरी मिरचीनं मान खाली घालावी. याडीले सांग, मी दोनदा मागून खाल्ला.

गर्मी म्हणजे गर्मी! हवाच ओली. गाडीत बसायचा सूट घातला की पाच मिनिटांत पिळून काढावा लागते. रोज दुपारी पाऊस येते, पंधरा मिनिटं बदाबदा पडून निघून जाते, अन् ट्रॅकवरून वाफा निघतात. फराह माही खोलीतली साथीण. ती बाळाले घरी आईजवळ ठेवून आली आहे अन् रोज रात्री फोनवर त्याले लोरी म्हणते. मले शब्द समजत नाही, पण झोप मलेच आधी लागते.

गियरचा दांडा नाहीच. स्टेरिंगमागं दोन पट्ट्या, बोटानं ओढायच्या. फराह माही थट्टा करते, म्हणते मोड यायच्या आधीच तुहा पाय उठते. बाकी गाडी चांगली आहे.

टीव्हीचं मात्र राहू दे ना काकी. तांड्याले काहून सांगतलं? नेट जाते, लोकांचा दिवस वाया जाईन, कापूस झाडावर राहीन. नायक काकाले म्हण, मी नंतर फोटो पाठवते. खरंच राहू दे.

उज्ज्वला

———

तांडा
२० नोव्हेंबर

उज्ज्वले,

सात वर्साची होती तवा तू डिझेलच्या कॅनमंदी पाणी टाकलं होतं. तवा बी अशीच माह्यामागं फिरत होती, "काकी, आज काकाले गाडी नको काढू देऊ, राहू दे ना, राहू दे."

सोंग पुरे झाले. गाडी चालवाले देऊन राह्यले का नाई?

काकी

———

क्वालालंपूर
२२ नोव्हेंबर

काकी,

नाही.

म्हणजे सरावात देतात. शर्यतीचं खरं नाही. आम्ही चौघी आहोत, पण गाडी तिघीच चालवणार. चौथी राखीव. कोणी आजारी पडलं तर ती, नाही तर ती नऊ तास हेल्मेट मांडीवर घेऊन बसणार. ती चौथी मी आहे. पहिल्या दिवसापासून मीच आहे. तुले खोटं लिहिलं. विमानतळावर सारे सोडाले आले होते, मले सांगायची हिंमतच झाली नाही.

एक चक्कर मारायले फराहले दोन मिनिटं एकतीस सेकंद लागतात. मले चौतीस. तीन सेकंद म्हणजे काय, तू शिंकशील तेवढा वेळ. पण अथी ते लय झाले. शिकवणारा मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, "ही घाबरते."

मी घाबरत नाही, काकी! तुले माहीत आहे मी घाबरत नाही. पण मोड दिसला का माहा पाय एक्सलेटरवरून आपोआप उठते. मी तुह्या पिकअपवर शिकली. टपाच्या वर दोन हात कापूस, त्यावर ताडपत्री, त्यावर दोर. ब्रेक मारला का सारा डोलारा पुढं झुकते, म्हणून तू मले ब्रेकले पायच लावू देत नव्हती. "पाय आधी उचल, गाडी आपल्या मनानं हळू होऊ दे." सोळाव्या वर्सापासून तेच केलं. अथी मागं काहीच नाही, मागची सीटसुद्धा काढून टाकली आहे, तरी मले मोड आला का मागचा कापूस दिसते. बाकीच्या पोरी मोडाच्या तोंडाशी जाऊन धाडकन ब्रेक मारतात. मी ठरवते आता मारीन, आता मारीन, अन् पाय उठून गेलेला असते.

हसू नको. मास्तर म्हणते ही सवय मोडाले वर्स लागन. माह्याजवळ दोन आठवडे आहेत. तांड्याले काय सांगायचं ते तूच ठरव. मले रडू येऊन राह्यलं, म्हणून अथीच थांबते.

उज्ज्वला

———

तांडा
२३ नोव्हेंबर

बह्याड पोट्टी!

पयले रागावून घेते. खोटं कायले लिहिलं? राखीव तर राखीव, मी काय तुले घराबाहेर काढली असती? चौथी तर चौथी, मलेशियात हाये ना! रूपसिंग नायकाचा पोरगा यवतमाळच्या पुढं गेला नाई अजून. झालं. रागावून झालं.

आता रडनं बंद कर अन् नीट वाच. त्या मास्तरले गाडी चालवता येत असन, पण मोजता येत नाई. शर्यत नऊ तासाची ना? मंग एक चक्कर कायले मोजून राह्यला तो? एका चकरेत कोण किती पळते हे पाहाचं असन तर बकरीमागं कुत्रं सोडावं अन् पाहावं. आपल्या अथी मले आजवर कोणी विचारलं का, हंसाबाई दिग्रसले किती मिनिटात पोचली? विचारते, कापूस पोचला का. गाडीनं डिझेल किती खाल्लं. ब्रेकचे लायनर केवढे राह्यले. त्या पिकअपचे लायनर मी तीन सीझन चालवते, समोरच्या तांड्यातला किसनराव एका सीझनमंदी दोनदा बदलवते, अन् तो माह्या आधी बी पोचत नाई.

तुहा पाय उठते तो चूक नाई करत. तो माह्या पोटची विद्या करते. त्याले मोडू नको.

असं कर. त्या मॅडमजवळ जा. मास्तरजवळ नको, मॅडमजवळ. म्हण, मले एक चक्कर नको, टाकीभर चालवू द्या. फुल्ल टाकी करा, त्या तिघीइले बी द्या, मले बी द्या, अन् टाकी सरेपर्यंत कोणाच्या किती चकरा होते ते मोजा. मंग चाक काढून ब्रेक पाहा. मंग मले घाबरट म्हणा. इंग्रजी येत नसन तर बोटं मोडून सांग. पण सांग.

तांड्याले मी काई सांगत नाई. टीव्ही आता रद्द होत नाई, नायकानं मंडप बी सांगतला.

काकी

———

क्वालालंपूर
५ डिसेंबर

काकी,

तीन दिवस नुसती मॅडमच्या मागं मागं फिरली. चौथ्या दिवशी त्याच वळल्या अन् म्हणाल्या, "काय आहे?" मी पाठ केलेलं इंग्रजी विसरली अन् सरळ म्हटलं, "फुल टँक. गिव्ह मी. काउंट." मॅडमनं माह्याकडे पाह्यलं, मग गाडीकडे पाह्यलं, मग म्हणाल्या, "ओके."

त्या तिघीइच्या टाकीभर चोवीस चोवीस चकरा झाल्या. माह्या सत्तावीस.

मॅडमनं चाक काढाले लावलं, खाली बसून ब्रेक पाह्यले, वहीत काहीतरी लिहिलं अन् निघून गेल्या. फराहनं मले उचलून गोल फिरवलं. मास्तर म्हणे, "गुड." त्याच्या तोंडून तो शब्द निघताना दाढ काढल्यासारखा चेहरा झाला होता.

एवढं होऊनही, काकी, आज यादी लागली. फराह, निन, जोसेलिन. मी राखीव. मले वाटलं होतं... जाऊ दे. मॅडमनं जाता जाता फक्त एवढं म्हटलं, "हेल्मेट जवळ ठेव."

उद्या सकाळपासून फोन जमा करतात, शर्यत झाल्यावरच भेटन. तांड्याले खरं काय ते सांगून टाक, नाही तर कोणाले तरी सांगून त्या टीव्हीची वायर काप. साऱ्या लोकांनी कापूस सोडून बसायचं अन् मी दिसायचीच नाही!

उज्ज्वला

———

तांडा
८ डिसेंबर, संध्याकाळ

उज्ज्वले,

तुहा फोन जमा हाये, तरी लिहून ठेवते. हातात आला का वाच.

आपण पयले आलो! तांडा तरी असंच म्हणते. दिवाळीचे उरलेले सारे फटाके संपले. बुंदी वाटून झाली. रूपसिंग नायक मंदिरासमोर नाचले, गुडघ्याले पट्टा बांधून.

आता मुळापासून सांगते. सकाळी साडेसहाले टीव्ही लागला. हाल गच्च. मानसं खिडक्याइत, बाया पयल्या चार रांगाइत, अन् सर्व्याइच्या पुढं तुही याडी, नवं लुगडं नेसून. मी बोलावलं नवतं, आपली आपणच आली. तिकडे तीस-चाळीस गाड्या एकदम सुटल्या, माय वो, काई समजे ना कोण कोणाचं! इंग्रजीत एक मानूस सारखा वरडे. तेवढ्यात तुह्या काकानं हात केला, "पिवळी! ते पाय पिवळी!" झालं मंग. गाडी हळदीसारखी पिवळी हाये हे मीच तर साऱ्याइले सांगतलं होतं. टीव्हीवाले बी तिलेच दाखवे, कारण ती सर्व्याइच्या पुढं. नंबर पाहाले काकाले दिसते कुठं, अन् बाकीच्याइले गरज काय? पिवळी म्हणजे आपलीच. नऊ तास, उज्ज्वले, नऊ तास लोक त्या पिवळ्या गाडीसाठी वरडले. ती पेट्रोल भराले थांबली का बाया हात जोडे, निघाली का टाळ्या.

अन् ती पयली आली. गाडी थांबली, ड्रायव्हर उतरला, त्यानं हेल्मेट काढलं, तर आतून हे एवढ्या दाढीवाला निघाला! सारे एकमेकाच्या तोंडाकडे पाहे. मंग नायक उठले अन् म्हणे, "हा मिस्त्री हाये. गाडी धुवाले घेऊन चालला." लोकाइले पटलं. त्याइले पटवूनच घ्याचं होतं.

मले मात्र पयल्याच तासाले समजलं होतं. तो भाऊ दर मोडीवर धाडकन ब्रेक मारे. गाडीचं नाक खाली जाये, मांगची बाजू उचले. माह्या हाताखालची पोट्टी अशी गाडी चालवत नाई. मंग मी नंबर पाह्यला, तो बी चव्वेचाळीस नवता. पण मी काई बोलली नाई. लोक खुश होते, तुही याडी टाळ्या वाजवत होती, अन् माह्याजवळ सांगाले होतं तरी काय? आपली गाडी मधामधात एक-दोनदा दिसली, मांगून कुठूनतरी गेली. आत कोण हाये ते काई दिसलं नाई.

पयला नंबर राहू दे त्या दाढीवाल्याले. मले एकच सांग. गाडीत बसली का नाई?

काकी

———

क्वालालंपूर
९ डिसेंबर

काकी,

बसली! बसली, बसली, बसली!

आता सांगते. दुपारी पाचपर्यंत मी बाकावर. हेल्मेट मांडीवर. आठ तास होत आले, तिघीइच्या पाळ्या दोन-तीनदा झाल्या. आमच्या गटात नऊ गाड्या होत्या अन् आम्ही सहावे. शेवटचा एक तास पाच मिनिटं उरली असताना निन गाडी घेऊन आत येणार होती अन् फराह बसणार होती. फराह तयार उभी. मॅडम वहीत हिशोब करत होत्या. पासष्ट मिनिटांतून थांब्याची तीन गेली का उरल्या पंचवीस चकरा. अन् फराहची टाकी चोवीस चकरांत संपते. म्हणजे शेवटच्या एका चकरेसाठी पुन्हा थांबा, पुन्हा पेट्रोल, सारा खेळ खलास.

मॅडमनं वही बंद केली अन् म्हणाल्या, "उज्ज्वला. हेल्मेट."

काकी, घाईत हेल्मेटचा पट्टा लागे ना. फराहनं लावून दिला. तिची पाळी गेली होती अन् तीच माहा पट्टा लावत होती. म्हणाली, "आता उचल पाय, किती उचलायचा तेवढा."

मग काय! पहिल्या दोन चकरा मले काहीच आठवत नाही. तिसऱ्या चकरेले मोड आला, पाय उठला, गाडी आपल्या मनानं हळू झाली अन् गोल वळली. दिग्रसच्या रस्त्यावर असल्यासारखं. आत भट्टी तापली होती, घाम डोळ्यात जात होता, अन् मी गाणं म्हणत होती. रेडिओ चालू होता, साऱ्या टीमनं ऐकलं.

दहाव्या चकरेले एक गाडी पेट्रोलले आत गेली, आम्ही पाचवे. मग आमच्याच गटातली एक निळी गाडी मागून आली. ती जोरात होती. अठराव्या, एकोणिसाव्या चकरेपासून माह्या आरशात फक्त निळं. दर मोडीवर ती मले खेटे, तिचा ड्रायव्हर ब्रेक मारत मारत माह्या बंपरपर्यंत येई. मले एकच वाटे, आता मीही दाबावं, आता मीही उशिरा ब्रेक मारावा, दाखवावं त्याले. मारला असता तर पेट्रोल उडालं असतं. दात आवळून पाय उचलत राह्यली. पुढच्या चौथ्या नंबरच्या गाडीचं टायर फुटलं, ती बाजूले झाली, म्हणजे आता चौथ्या जागेसाठी मी अन् तो निळा. तेविसाव्या चकरेले लाल दिवा लागला, टाकी सरत आली म्हणून. मॅडम रेडिओवर एवढंच म्हणाल्या, "तुले माहीत आहे काय करायचं."

चोविसावी चक्कर. निळा बाजूले आला, नाकाले नाक. अन् मग, काकी, तो सरळ जायच्या ऐवजी आत वळला! पेट्रोल संपलं त्याचं! आरसा एकदम रिकामा. मी एवढ्या जोरात किंचाळली की मॅडमनं म्हणे कानातलं यंत्र काढून फेकलं.

पंचविसावी चक्कर पूर्ण. झेंडा पडला. अन् परत येताना, पिटच्या, म्हणजे आमच्या थांब्याच्या, तोंडाशीच, गाडी फडफडली अन् बंद पडली. थेंब नव्हता आत. साऱ्याइनं ढकलत नेली, फराह हसत हसत रडत होती, अन् मी आत बसून नुसतं स्टेरिंग धरलं होतं.

आम्ही चौथे आलो. पहिले नाही. तीनच गाड्यांले कप भेटते, आमाले काही भेटलं नाही. ती पिवळी गाडी दुसऱ्या मोठ्या टीमची होती, दाढीवाला त्यांचा ड्रायव्हर. काकी, साऱ्या तांड्याले खरं सांग. मी राखीव होती हेही सांग, मी खोटं लिहिलं हेही सांग. मले त्याची लाज आता नाही वाटत.

अन् शेवटची गोष्ट. रात्री जेवताना मॅडम माह्याजवळ येऊन बसल्या. विचारलं, "असं चालवायला तुला कोणी शिकवलं?" मी सांगतलं. कापूस, ताडपत्री, दोर, सारं हातवारे करून. त्यांनी वही पुढं केली, म्हणाल्या, नाव लिही. मी लिहिलं, मराठीत अन् इंग्रजीतही: हंसाबाई खेमसिंग राठोड, ड्रायव्हर.

उज्ज्वला

———

तांडा
१२ डिसेंबर

उज्ज्वले,

वाचलं. मंग खाली बसली. मंग परत वाचलं.

तू म्हटलं साऱ्याइले सांग, तर परवा संध्याकाळी मंदिरासमोर साऱ्याइले बोलावलं. मी मनात म्हटलं, आता तांडा माह्यावर उखडते. उभी राह्यली अन् सांगून टाकलं. आपण पयले नाई आलो, ती पिवळी गाडी दुसऱ्याची, आपली पोट्टी राखीव होती. मंग नायक म्हणे, "मंग आपण फटाके कोणाच्या नावानं फोडले?" मी म्हटलं, "त्या दाढीवाल्याच्या." पयले तुही याडी हासली, मंग सारे. असा हासला तांडा का कुत्रे भुकाले लागले.

मंग तुहं पत्र वाचलं, खणखणीत. फराहनं पट्टा लावला तिथं बायाइच्या डोळ्यात पाणी. निळी गाडी मांग लागली तिथं सारे उठून उभे. "पाय उचल पोरी, पाय उचल!" म्हणून ओरडून राह्यले, जशी तू समोरच गाडी चालवून राह्यली. टीव्हीच्या दिवशी नऊ तासात जेवढे वरडले नाई तेवढे ह्या एका पानावर वरडले. तो निळा आत वळला, ते मले तीनदा वाचाले लावलं. तिसऱ्या खेपेले याडी म्हणे, "थांब, अजून एकदा, सावकाश."

शेवटच्या ओळीवर आली अन् माह्यानं वाचनं होईना. काकानं चष्मा लावला, कागद डोळ्याजवळ नेला अन् एक एक अक्षर लावून साऱ्याइसमोर वाचलं. मंग टाळ्या. खरं सांगू का? मले लाज बी वाटली अन् एवढं बरं बी वाटलं का कोणाकडे पाहू समजे ना.

काल खेप घेऊन दिग्रसले गेलती. जिनिंगच्या गेटवरचा बाबू, धम्मरत्न, आलेल्या ड्रायव्हरचं नाव लिहून पावती फाडते. तो नेहमी काकाच्याच खिडकीशी येते. अकरा वर्सं झाले, स्टेरिंगवर मी अन् पावतीवर खेमसिंग. त्यानं कधी विचारलं नाई, मी कधी सांगतलं नाई, कोणाले त्यात काई वाटलं नाई. मले बी नाई वाटलं. काल बी त्यानं न विचारता लिवाले सुरुवात केली. तर काकानं खिडकीतून हात काढून त्याची पेन धरली. म्हणे, "खोड ते. हंसाबाई लिही. मी नुसता बसलेलो हाओ."

धम्मरत्ननं एकदा काकाकडे पाह्यलं, एकदा वाकून माह्याकडे पाह्यलं, अन् खोडून लिहिलं. मंग त्यानं फाटक उघडलं अन् मी गाडी आत घेतली.

तुही काकी,
हंसा